सोडलेला टाका

सव्वीस वर्षं मावशीनं दुसऱ्यांच्या सुईसाठी कागद भरले. भरतकामाच्या कारखान्यात तिचं काम नमुने काढायचं. बारीक चौकटींचा कागद घ्यायचा, एक घर म्हणजे एक टाका, आणि जिथं टाका पडायचा त्या घरात पेन्सिलीनं फुली मारायची. तिच्या फुल्या बघून खालच्या मजल्यावर चाळीस बाया सुई चालवायच्या. टेबलांवर, उशांवर, पडद्यांवर तिचे पक्षी बसले आणि तिच्या वेली चढल्या. एकाही कापडावर तिचं नाव नव्हतं. कोपऱ्यात चिठ्ठी शिवलेली असायची, ती मालकाच्या नावाची.

नमुने काढणाऱ्या बायांची एक रीत होती. कोणी लिहून ठेवलेली नाही, एकीनं दुसरीच्या कानात घातलेली. प्रत्येक नमुन्यात एक टाका सोडायचा. जागा जिची तिची ठरलेली. मावशीची जागा उजवीकडे खाली, रेघ जिथं वळते तिथलं एक घर. बघणाऱ्याला ते कळत नाही, कारण डोळा आपला आपणच रेघ जोडून घेतो. काढणारीला मात्र कळतं. शेजारच्या कारखान्यानं एकदा मावशीचा हंस जसाच्या तसा उचलला, तेव्हा मालकानं तिला दोन्ही कापडं घेऊन सगळ्यांसमोर उभं केलं होतं. मावशीनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "हातच्या काकणाला आरसा कशाला? हे सुटलेलं घर माझं." भांडण मालक जिंकला. मावशीला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली.

पुढं भरतकामाची मशिनं आली, कारखाना बसला. मावशीचा नवरा कधीच गेलेला, पदरी मूल नाही. ती थोरल्या बहिणीच्या घरी मागच्या खोलीत राहायची. तशी ती तिथं आधीपासूनच होती म्हणायची. ताई कामावर जायची आणि मावशी पुष्कळदा नमुन्यांचे कागद घरी आणून काढायची, म्हणून ताईचा मुलगा मावशीच्या मांडीवर वाढला. पेन्सिल कशी धरायची हे त्याला तिनंच शिकवलं. पाच वर्षांचा असताना तो तिच्या कागदावर बोट ठेवून म्हणाला होता, "मावशी, इथं विसरलीस." त्यावर ती म्हणाली, "विसरले नाही रे राजा. ती माझी सही."

हा भाचा मोठा होऊन वेबसाइटी बनवणाऱ्या एका ऑफिसात लागला. तिथं सगळ्यांचं डोकं खाणारं एक काम होतं ते आयकॉनचं. कुठल्याही पानावर बटणांशेजारी छोटी छोटी चित्रं लागतात, घर, कुलूप, पत्र, केराची टोपली, खरेदीची गाडी. दर नव्या कामाला ती कुठून कुठून गोळा करायची, मग एकाची रेघ जाड, दुसऱ्याची बारीक. बारा गावचं पाणी एका रांजणात. ऑफिस चालवणाऱ्या सरांनी ठरवलं, आपला एकच संच करायचा, सगळा एका हाताचा, आणि तो जगाला वापरायला मोकळा द्यायचा. ऑफिसचं नाव होईल. चित्र चोवीस आडव्या आणि चोवीस उभ्या घरांत बसलं पाहिजे, एवढाच नियम.

भाचा घरी येऊन म्हणाला, "मावशी, चौकटीचं काम आहे. तुझंच आहे हे."

"मला कुठं येतंय तुमचं कॉम्प्युटर."

"तुला नकोच यायला. तू कागदावर काढ. मी फोटो काढतो, आत घर न् घर भरतो आणि फाइल चढवतो."

मावशी रोजावर जायला लागली. भाच्याची मावशी म्हणून आठवड्यात सगळ्या ऑफिसची मावशी झाली. तिला खिडकीशेजारचं टेबल मिळालं. त्यावर पेन्सिली, खोडरबर आणि चौकटीच्या वह्यांची चळत. शेजारच्या खुर्चीवर चाचणीवाली बसायची, म्हणजे लोकांनी केलेल्या कामातल्या चुका शोधणं हीच जिची नोकरी, अशी तोंडाळ पोरगी.

पहिल्या महिन्यात मावशीनं तिला भंडावून सोडलं.

"हे चौकोनी काय आहे गं? खाली पट्टी, वर खाच."

"ते 'जतन करा'चं."

"ते कळलं. पण ही वस्तू कुठली?"

"फ्लॉपी. पूर्वी असायची, मावशी. मीसुद्धा पाहिली नाही कधी."

"म्हणजे तू पाहिली नाहीस, मी पाहिली नाही, आणि जगानं ती बघून ओळखायचं. बरं आहे. आणि या तीन रेघा?"

"यादी."

"यादीत तीनच ओळी? गरिबाघरची दिसते."

पण काम हाताला लागल्यावर मावशीनं मागं वळून पाहिलं नाही. चोवीस घरांत सायकल बसवणं म्हणजे रेल्वे डबीत घालण्यासारखं, आणि तिनं ती बसवली. नुसती कुलपं तिनं नऊ तऱ्हेची काढली. घंटा, पंखा, कात्री, थर्मामीटर, चाकांची खुर्ची, बाळाची बाटली. छत्रीचा दांडा तिनं एका घरानं डावीकडे सरकवला तेव्हा कुठं ती उघडी वाटली. सर मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, एक घर इकडचं तिकडं, आणि चित्र जिवंत झालं की." मावशीनं मान वर केली नाही, पण घरी जाऊन ताईला तेच वाक्य तीनदा सांगितलं.

आणि प्रत्येक चित्रात, उजवीकडे खाली, वळणावरचं एक घर तिनं रिकामं सोडलं. भाचा फोटो काढायचा आणि जसं आहे तसं भरायचा. ते घर त्याच्या डोळ्यांसमोरून रोज जायचं. तो काही बोलला नाही, तीही बोलली नाही. बोलायचं काय? त्याला माहीतच होतं.

एकदा घरी यायच्या वाटेवर तिनं विचारलं, "कोणी काढली हे कुठं लिहितात का रे तुमच्यात?"

"लिहितात की. पहिल्याच पानावर. 'हा संच कोणी केला' म्हणून. तुझं नाव येणार त्यात."

"पूर्ण नाव घाल हो. नुसतं मावशी नको."

"पूर्ण घालू."

"बापाच्या नावासकट."

भाचा हसला. "आडनावासकट घालू, तुझ्या गोतातल्या सगळ्यांसकट घालू."

ही गोष्ट ताईच्या कानावर गेली आणि ताईनं ती जिन्यातल्या बायांच्या कानावर घातली. सव्वीस वर्षांत जे झालं नाही ते आता होणार, आणि तेही साऱ्या जगात कोणालाही दिसेल अशा पानावर. मावशी वरवर म्हणायची, "काय करायचंय नावाचं, नाव काय शिजवून खायचंय?" पण वहीच्या मागच्या पानावर तिनं आपलं नाव चौकटींत बसवून पाहिलं होतं.

सव्वा वर्षात सहाशे बारा चित्रं झाली. संच खुला करायच्या आदल्या आठवड्यात सरांनी तिला बोलावलं. पहिलं पान तयार होतं, 'सुरुवात इथून करा' नावाचं. नवख्या माणसानं ते वाचावं आणि कोणाला न विचारता चित्र आपल्या पानावर आणावं, असा त्याचा उद्देश.

सर म्हणाले, "मावशी, हे पान तुम्ही वाचून करून बघा. तुम्हाला जमलं तर कोणालाही जमेल."

चाचणीवाली हळूच म्हणाली, "हे कौतुक होतं बरं का."

"कळतं मला. केस उन्हात नाही पिकले."

तिला कॉम्प्युटरपुढं बसवलं. पानावर लिहिलं होतं, आधी ही फाइल उतरवून घ्या. तिनं घेतली. मग ही एक ओळ आपल्या पानाच्या माथ्यावर टाका. तिनं एका बोटानं, एकेक अक्षर शोधत टाकली. स्वल्पविराम राहिला म्हणून काहीच उमटलं नाही. चाचणीवालीनं लगेच पानात भर घातली, 'स्वल्पविराम विसरू नका'. मग लिहिलं होतं, जिथं चित्र हवं तिथं त्याचं नाव लिहा. मावशीनं छत्रीचं नाव लिहिलं, बटण दाबलं, आणि पांढऱ्या पडद्यावर तिची छत्री उघडली. पुढच्या ओळीत आकार मोठा करायची युक्ती होती. तिनं मोठी केली. रंग बदलायची युक्ती होती. तिनं लाल केली, मग हिरवी, मग परत काळी. आपण काढलेली वस्तू नावानं हाक मारली की येते, हे तिला सव्वीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

मग ती पान खाली खाली सरकवत गेली. तळाशी मथळा होता, 'हा संच कोणी केला'. खाली चार नावं. पहिलं भाच्याचं, त्यापुढं आकडा, सहाशे बारा. मग सरांचं, चाचणीवालीचं, आणि पान लिहिणाऱ्याचं. तिनं परत वर जाऊन खाली वाचलं. शेवटी एक ओळ होती, 'आणि ऑफिसातील इतर सहकाऱ्यांचे आभार'.

मावशी उठली आणि म्हणाली, "पान सोपं आहे. जमेल कोणालाही."

भाच्याला तिनं जिन्यात गाठलं.

"नाव नाही रे."

"ती यादी आम्ही लिहीत नाही गं. सिस्टिम आपोआप घेते. ज्यानं फाइल चढवली त्याचं नाव. तू एकही फाइल चढवली नाहीस ना."

"तूच म्हणाला होतास, तुला यायला नको."

"हो, म्हणजे... हातानं घालता येतं. मी सरांना विचारतो. पुढच्या आवृत्तीत घालू."

"पुढच्या म्हणजे कधी?"

"दोन महिने. फार तर तीन."

त्यानं विचारलं की नाही, देव जाणे. सहाशे बारा हा आकडा त्याच्या नावापुढं शोभत होता. संच चालला. लोकांना तो भरतकामासारखा चौकटी-चौकटींचा बाज आवडला. कुठून कुठून पत्रं आली. भाच्याला दोन ठिकाणी बोलायला बोलावलं, 'चोवीस घरांत जग' असं काहीतरी नाव देऊन. त्याचा पगार वाढला, खुर्ची बदलली. घरी ताईनं विचारलं की तो म्हणायचा, "होतंय, प्रोसेसमध्ये आहे." आयत्या बिळावर नागोबा असतोच, पण तो आपल्याच मांडीवर वाढलेला असला की त्याला काठीही उगारता येत नाही. मावशी पुढची चित्रं काढत राहिली.

चार महिन्यांनी एका दवाखान्याचं पत्र आलं. त्यांनी या संचातली चित्रं दारांवर लावायला हातभर मोठी छापली होती. पडद्यावर नखाएवढं असताना जे दिसत नाही ते हातभर झाल्यावर दिसलं. चाकांच्या खुर्चीचं चाक खाली उजवीकडे तुटकं. घंटा तुटकी, बाळाची बाटली तुटकी. त्यांनी विचारलं होतं, सगळ्या चित्रांत एकाच जागी रेघ तुटते, हे काय आहे?

सरांनी सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती बसवलं. भिंतीवर खुर्चीचं चित्र मोठं करून लावलं.

"ही चूक कोणाची?" त्यांनी भाच्याकडे बघून विचारलं.

भाचा म्हणाला, "मी कागदावर होतं तसं भरलं. मूळ कागदावरच असेल."

"एकात असेल. सहाशे बारांत?"

भाच्याला उत्तर ठाऊक होतं. पाच वर्षांचा होता तेव्हापासून ठाऊक होतं. तो लॅपटॉपच्या कडेवर अंगठा घासत बसला.

मावशीला मात्र वाटलं, हीच ती वेळ. हंसाच्या वेळी कापड घेऊन उभी राहिली होती तशी ती उभी राहिली आणि भिंतीजवळ जाऊन तिनं त्या रिकाम्या घरावर बोट ठेवलं.

"चूक नाही ही. माझी खूण आहे. आम्ही नमुन्यात एक टाका सोडतो, ज्याचा त्याचा. पुढंमागं कोणी विचारलं, कोणी काढलं, तर दाखवायला. कुठलंही चित्र उघडा सर, कुठलंही. हेच घर रिकामं असेल. सगळी माझ्या हातची आहेत."

"पण मावशी, तुमच्या हातची नाहीत असं कोण म्हणालं?"

"पानावर तसंच आहे."

सरांनी एकदा भाच्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. मावशीला क्षणभर वाटलं, आता ते म्हणतील, अरे, खरंच की.

सर म्हणाले, "म्हणजे ही खोट तुम्ही मुद्दाम ठेवलीत."

"खोट नाही..."

"ठरवून. सहाशे बाराच्या सहाशे बारांत."

"हो," मावशी म्हणाली. आकडा ऐकून तिची मान अजून ताठच होती. "एकातही चुकली नाही."

हे वाक्य तिनं अभिमानानं म्हटलं, आणि तिथंच तिचं सगळं गेलं. सरांनी कपाळ चोळलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. समजुतीच्या आवाजात म्हणाले, "मावशी, इथं हजारो लोक ही चित्रं भरवशानं उचलतात. आता त्यांना काय सांगू, आमच्याच माणसानं जाणूनबुजून तुटकी दिली म्हणून? आधी सांगायचं तरी होतं कोणाला."

कोणाला सांगितलं होतं, हे सांगायला तोंड उघडलं तर समोर भाचा बसला होता. त्याची मान खाली, कान लाल. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मावशीनं तोंड मिटलं आणि जागेवर जाऊन बसली.

सगळी घरं भरायची ठरलं. भाच्याला वेळ नव्हता, त्याला पुढच्या भाषणाची तयारी होती. चाचणीवाली म्हणाली, "एकेक घर तर भरायचंय. मावशीच भरतील, मी दाखवते." मग मावशी भाच्याच्या कॉम्प्युटरवर बसली. चित्र उघडायचं, खाली उजवीकडे जायचं, घरावर टिचकी मारायची, ते काळं व्हायचं, जतन करायचं. त्या न पाहिलेल्या फ्लॉपीच्या चित्रावर टिचकी मारून. नऊ दिवस लागले. छत्रीच्या वेळी ती जरा थांबली, मग तीही भरली. पाचव्या दिवशी चाचणीवालीनं पाण्याची बाटली तिच्यापुढं सरकवली आणि पहिल्यांदाच काही टोमणा न मारता निघून गेली.

त्या ऑफिसचा एक नियम होता, सरांना त्याचा फार अभिमान. संचात जी चूक सापडेल ती उघड्या यादीत लिहायची: चूक काय, कोणाकडून झाली, कोणी दुरुस्त केली. जगातला कोणीही ती वाचू शकतो. सर म्हणायचे, आपल्याकडे झाकपाक नाही. ही यादी सिस्टिम आपोआप लिहीत नाही, चाचणीवालीला हातानं लिहावी लागते; दुरुस्त करणाऱ्याचं नाव तेवढं सिस्टिम कॉम्प्युटर बघून भरते.

दहाव्या दिवशी सकाळी यादीत नवी ओळ होती. चूक: सहाशे बारा चित्रांत उजवीकडे खाली एक घर रिकामे, मुद्दाम ठेवलेले. कोणाकडून: पुढं मावशीचं नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट, एकाही अक्षराची चूक नाही. दुरुस्ती: भाच्याचं नाव. कॉम्प्युटर त्याचा होता.

चाचणीवाली म्हणाली, "मावशी, मला सरांनी पूर्ण नाव घालायला सांगितलं. मी काय करू?"

"तू बरोबर लिहिलंस," मावशी म्हणाली. "पहिल्यांदाच कोणी बरोबर लिहिलं."

त्या संध्याकाळी ती घरी येऊन शेंगा सोलायला बसली. भाचा तिच्या मागोमाग आला, बूट काढता काढता दारातच रेंगाळला.

"मावशी, ती ओळ... मी सरांना सांगून काढायला लावतो. खरंच."

"नाव घालायला सांगायचं तर चार महिने जमलं नाही तुला. काढायला सांगायचं लगेच जमतंय?"

"मी काय करणार होतो गं? त्या टेबलावर मला ठाऊक होतं म्हटलं असतं तर माझंच..."

"माहीत आहे."

"तुझ्यावर चिडले नाहीत ना सर. काम तर चालू आहे."

"आहे ना. सोमवारपासून चाळीस नवीन काढायचीत. सगळी बंद कोपऱ्याची."

आतून ताई आली. पदराला हात पुसत तिनं दोघांकडे पाहिलं. जिन्यातल्या बायांना गेले चार महिने तोंड देऊन ती कंटाळली होती.

"काय गं, कसली ओळ? नाव आलं का शेवटी?"

"आलं," मावशी म्हणाली.

"पूर्ण?"

"पूर्ण. बापाच्या नावासकट."

"बघ, मी म्हणत नव्हते? पोरगं शब्दाचं पक्कं आहे, उशीर करतं एवढंच." ताई भाच्याजवळ सरकली. "दाखव रे. फोनवर दिसतं ना?"

भाच्यानं मावशीकडे पाहिलं. मावशी शेंगांत होती. त्यानं फोन काढला, बराच वेळ बोट फिरवलं आणि ताईपुढं धरला.

"माझा चष्मा आत आहे. तूच वाच."

त्यानं मावशीचं नाव वाचलं. ताईनं ते ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटलं, वडिलांच्या नावाशी जरा थांबली, डोळे पुसले.

"आणि मागंपुढं काय लिहिलंय? एवढी लांब ओळ दिसते. चांगलं काही लिहिलं असेल ना?"

भाचा फोन हातात धरून उभा राहिला.

मावशीनं सोललेल्या शेंगेचं टरफल बाजूला टाकलं, दुसरी शेंग उचलली.

"वाच की," ती म्हणाली. "आईला वाचून दाखव."